एकच बाटली, तीन यंत्रं, तीन आकडे: विहिरीच्या पाण्यातलं लोह नेमकं किती?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी तो नीट समजलोय का ते कळेल. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका घरगुती विहिरीचं पाणी तुम्ही एमएस्सीच्या प्रकल्पासाठी ऑक्टोबरअखेर एक लिटरच्या प्लास्टिक बाटलीत भरून आणलंत. दुसऱ्या दिवशी त्यातलं २०० मिली कॉलेजात फेनॅन्थ्रोलिन पद्धतीने स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (रंगाची गडदता मोजणाऱ्या यंत्रावर) तपासलंत. पाणी जरा गढूळ वाटलं म्हणून आधी व्हॉटमन ४२ या गाळणकागदातून गाळलंत आणि लोह आलं ०.१६ पीपीएम (म्हणजे मिलिग्रॅम प्रति लिटर). सहाव्या दिवशी वरचं निवळ ३५० मिली एका खासगी प्रयोगशाळेत एएएससाठी (ज्योतीत धातूने शोषलेला प्रकाश मोजणाऱ्या यंत्रासाठी) दिलंत, तिथून आलं ०.४५. उरलेलं ४५० मिली एका ओळखीच्या माणसाकडे आयसीपी-ओईएसवर (प्लाझ्मात तापलेल्या धातूने सोडलेला प्रकाश मोजणाऱ्या यंत्रावर) लावायचं होतं. ‘ॲसिड घालून आण’ असं तो म्हणाला, म्हणून बाटलीतच २ मिली नायट्रिक ॲसिड घातलंत, हलवलंत, रात्रभर ठेवलंत. आकडा आला १.९. मँगनीज मात्र एएएसवर ०.२८ आणि आयसीपीवर ०.३१. रिकाम्या बाटलीच्या तळाला तांबूस कडं अजून दिसतंय. गाइड विचारतायत खरा आकडा कोणता, आणि तुम्ही विचारताय कुठल्या यंत्रावर भरवसा ठेवायचा.

तिन्ही यंत्रं बहुधा बरोबर आहेत. त्यांना दिलेलं पाणी मात्र एकच नव्हतं. म्हणून तिन्ही आकड्यांची सरासरी काढायचा मोह होत असेल तर तो आधी सोडा.

याचा पुरावा तुमच्याच प्रश्नात आहे, तो म्हणजे मँगनीज. एएएसचं कॅलिब्रेशन चुकलं असतं, नेब्युलायझर (पाण्याचा फवारा करणारा भाग) अर्धवट तुंबला असता किंवा आयसीपीवाल्याने डायल्यूशनचा गुणाकार चुकवला असता, तर मँगनीजही लोहासारखं चौपट फरकाने आलं असतं. ते दहा टक्क्यांच्या आसपास जुळलं. त्याच दोन यंत्रांवर, त्याच दोन नमुन्यांत एक धातू जुळतो आणि दुसरा जुळत नाही, तेव्हा शंका यंत्रावर घ्यायची नाही, धातूच्या स्वभावावर घ्यायची. साध्या विहिरीच्या पाण्यात विरघळलेलं मँगनीज हवेने सहजी ऑक्सिडाइज होत नाही, पीएच ९ च्या वर गेल्याशिवाय त्याला घाई नसते. सहा दिवस बाटलीत राहूनही ते बरंचसं पाण्यातच राहिलं. लोहाचं तसं नाही.

जांभ्या दगडातल्या विहिरींचं पाणी बहुधा किंचित आम्लधर्मी असतं आणि त्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड भरपूर असतो. पाणी वर काढलं, बाटलीत खळखळलं की तो वायू निघून जातो, पीएच चढतो आणि हवेतला ऑक्सिजन आत शिरतो. फेरस म्हणजे विरघळलेल्या रूपातल्या लोहाचा ऑक्सिडेशनचा वेग पीएच एकाने वाढला की सुमारे शंभरपट वाढतो. विहिरीत जे लोह काही तास निवांत विरघळून राहिलं असतं, ते बाटलीत फेरिक हायड्रॉक्साइड (न विरघळणारं, गंजासारखं रूप) होऊन आधी बारीक कणांत, मग पुंजक्यांत, मग तळाला आणि भिंतीला जाऊन बसतं. त्यात आपल्याकडच्या उघड्या विहिरीत पावसानंतर लाल मातीचे कण तरंगत असतातच, ते वेगळे. तुमचं तांबूस कडं म्हणजे तुमच्या नमुन्यातलं लोह आहे. ते बाटलीत राहिलं, यंत्रात गेलंच नाही.

आता एकेक नमुना बघा. कॉलेजातल्या पाण्याने व्हॉटमन ४२ पार केला. हा कागद साधारण अडीच मायक्रॉनच्या वरचं अडवतो, म्हणजे पुंजके कागदावरच राहिले. शिवाय तुम्ही लिहिलेल्या कृतीत आम्लात उकळण्याची पायरी नाही. फेनॅन्थ्रोलिन फक्त विरघळलेल्या फेरस लोहाशी नारिंगी रंग देतं, कणात बांधलेलं लोह त्याला दिसत नाही. म्हणजे ०.१६ हे ‘कागदातून गेलेलं आणि सहज क्षपण होणारं (म्हणजे सहज फेरस होणारं) लोह’ आहे. एएएसच्या ज्योतीला फेरस-फेरिकचा फरक नसतो आणि पाण्याबरोबर गेलेला अतिसूक्ष्म कणही तिथे बराचसा फुटतो, म्हणून निवळलेल्या पाण्यातही ०.४५ मिळालं. आयसीपीला जे गेलं त्यात सगळा गाळ होता, आणि तोही आम्लाने बराच विरघळवलेला.

पण म्हणून १.९ हा खरा आकडा आहे का? नाही. लिटरभर पाण्याचा गाळ तुम्ही ४५० मिलीत गोळा केलात. वरचं निवळ पाणी दोनदा ओतून काढलंत आणि तळ तसाच ठेवलात. ताकाची निवळी ओतून टाकली की खालचं दाट होतं, तसं झालं.

बाटलीचा हिशेब मांडून बघा. आयसीपीच्या ४५० मिलीत १.९ प्रमाणे ०.८५५ मिलिग्रॅम लोह. एएएसच्या ३५० मिलीत ०.४५ प्रमाणे जवळपास ०.१६ मिलिग्रॅम. कॉलेजातल्या २०० मिलीत गाळण्यापूर्वी किती होतं ते मोजलेलं नाही. ०.१६ धरलं तर ०.०३ मिलिग्रॅम, ०.४५ धरलं तर ०.०९. बेरीज १.०५ ते १.१ मिलिग्रॅम, आणि बाटली एक लिटरची. म्हणजे विहिरीतून जे पाणी आलं त्यात एकूण लोह किमान १.०५ ते १.१ पीपीएम होतं. ‘किमान’ अशासाठी की भिंतीवरचं कडं अजून हिशेबात आलेलं नाही, आणि रात्रभराच्या थंड, पातळ नायट्रिकमध्ये ताजं हायड्रॉक्साइड विरघळतं, हेमॅटाइटचा (लोहाच्या ऑक्साइडच्या खनिजाचा) कण फारसा दाद देत नाही. तुम्हाला मिळालेल्या तीन आकड्यांपैकी एकही या उत्तराच्या जवळ नाही.

आणि हे उत्तर अडचणीच्या जागी येतं. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५००:२०१२ या भारतीय मानकात लोहाची मर्यादा आधी ०.३ होती, ती २०१५ च्या दुरुस्तीने १.० मिलिग्रॅम प्रति लिटर झाली, आणि तिला सवलत नाही. तुमच्या गाइडने जुना छापील तक्ता हातात ठेवला असेल तर त्यावर ०.३ दिसेल, हे आधीच बोलून घ्या. तुमची विहीर नेमकी १.० च्या काठावर आहे. अशा ठिकाणी गोळाबेरीज चालत नाही, नमुना पुन्हा घ्यावा लागेल. मँगनीजची स्वीकार्य मर्यादा ०.१ आणि पर्यायी स्रोत नसल्यास ०.३ आहे. म्हणजे लोहाच्या गोंधळात मागे पडलेला ०.२८–०.३१ हा आकडा खरं तर तुमच्या प्रकल्पातला जास्त महत्त्वाचा निष्कर्ष ठरू शकतो. तिकडे लक्ष द्या.

पुन्हा नमुना घेण्याआधी एक गोष्ट ठरवा: तुम्हाला कुठलं लोह हवंय? पिण्यायोग्यतेसाठी एकूण लोह, कारण माणूस गाळासकट पितो. घरात फिल्टर बसवायचा असेल तर विरघळलेलं किती आणि कणात किती हे वेगवेगळं कळायला हवं, कारण कण साध्या वाळूच्या फिल्टरमध्ये अडकतात, विरघळलेल्या लोहाला आधी हवा द्यावी लागते. भूजलातली रासायनिक स्थिती हा विषय असेल तर फेरस वेगळं मोजायला हवं, आणि ते विहिरीच्या काठावरच. तुमच्या विषयाच्या शीर्षकावरून मला वाटतं पहिली दोन पुरेत. फेरसच्या नादी लागलात तर काम दुप्पट होतं.

विहिरीवर जाताना काय न्यायचं ते सांगतो. जाड पांढऱ्या पॉलिथिनच्या बाटल्या, आधी १० टक्के नायट्रिकमध्ये रात्रभर बुडवून ठेवलेल्या आणि डिस्टिल्ड पाण्याने चार-पाचदा धुतलेल्या. मिनरल वॉटरची रिकामी बाटली नको. तिचं टोपण आणि आतली चकती कशाकशाला लागून आलीय ते आपल्याला माहीत नसतं. झाकणाच्या छोट्या कुपीत नायट्रिक ॲसिड, ट्रेस मेटल ग्रेड (धातूंचा अंश जवळपास नसलेलं) मिळालं तर उत्तम. ते मिळालं नाही तर आहे त्याच ग्रेडचं चालवा, पण त्याच बाटलीतलं ॲसिड ब्लँकमध्येही (नमुन्याऐवजी नुसतं शुद्ध पाणी भरलेल्या बाटलीतही) घाला. २० किंवा ५० मिलीची सिरिंज आणि ०.४५ मायक्रॉनचे सिरिंज फिल्टर. पीएच आणि कंडक्टिव्हिटीचे हातातले मीटर. आणि प्रयोगशाळेतलं डिस्टिल्ड पाणी अर्धा लिटर, कशाला ते पुढे येईल.

पंप असेल तर तो पाच-दहा मिनिटं चालू द्या. रात्रभर लोखंडी पाइपात उभं राहिलेलं पाणी पाइपाचं लोह सांगतं, विहिरीचं नाही. रहाटाने काढत असाल तर बालदी तळाला आपटू देऊ नका. एकदा तळाची माती उठली की तासभर थांबावं लागतं. पाणी पृष्ठभागाखाली हातभर अंतरावरून घ्या. शिंपडलेल्या पाण्याबरोबर येणारी धूळही बघा. ज्या रस्त्यावरून खनिजाचे ट्रक जातात तिथे विहिरीच्या कठड्यावर बोट फिरवलं तरी लाल होतं, आणि त्याच बोटाने आपण बाटलीचं टोपण उघडत असतो.

पहिली बाटली, ५०० मिली, न गाळता. भरून लगेच १ मिली नायट्रिक घालायचं. पीएच २ च्या खाली गेला पाहिजे. ते बघायला पट्टी बाटलीत बुडवू नका, दोन थेंब पट्टीवर टाका. ही एकूण लोह-मँगनीजची बाटली. दुसरी, १०० मिली: सिरिंजमधून ०.४५ मायक्रॉन गाळून, पहिले १० मिली फेकून, मग ०.२ मिली नायट्रिक. गाळणं आधी, ॲसिड नंतर. क्रम उलटा झाला तर गाळ आम्लात विरघळून फिल्टरमधून बिनबोभाट पार होतो आणि ‘विरघळलेलं’ हा शब्द खोटा ठरतो. तिसऱ्या बाटलीत विहिरीवरच डिस्टिल्ड पाणी ओता आणि तेवढंच ॲसिड घाला. हा फील्ड ब्लँक. त्यात ०.०५ पीपीएमच्या वर लोह निघालं तर धूळ, बाटली किंवा ॲसिड यांपैकी कुणीतरी हातभार लावतंय. आम्लयुक्त नमुना सहा महिने टिकतो, त्यामुळे मग कोणत्या प्रयोगशाळेत कधी दिला याने फरक पडत नाही.

विहिरीवर ॲसिड नेणं खरंच जमत नसेल तर त्याच दिवशी प्रयोगशाळेत घाला. पण एक थेंबही ओतून काढण्याआधी, पूर्ण बाटलीत घाला, आणि मग किमान १६ तास ठेवा. तुमच्याकडे ॲसिड पडलं ते दोन भाग ओतून झाल्यावर. सगळा घोटाळा त्या क्रमात आहे.

एकूण लोहासाठी नमुना पचवावा लागतो, म्हणजे आम्लात तापवून कण विरघळवावे लागतात. गढूळपणा १ एनटीयूच्या आत असेल तर आम्लयुक्त नमुना थेट यंत्रावर चालतो, तुमचा तसा नाही. १०० मिली नमुना बीकरमध्ये, त्यात निम्मं पाणी मिसळलेलं नायट्रिक २ मिली आणि तसंच हायड्रोक्लोरिक १ मिली. लोहाच्या ऑक्साइडना हायड्रोक्लोरिकच जास्त मानवतं, म्हणून ते वगळू नका. ८५ अंशांच्या आसपास, उकळी न येऊ देता, साधारण २० मिली होईपर्यंत. दोनेक तास जातात. मग वॉचग्लास झाकून अर्धा तास मंद. थंड करून ५० मिलीच्या फ्लास्कमध्ये पूर्ण भरा. न विरघळलेली वाळू तळाला बसू द्या. इथे १०० चे ५० झालेत हे विसरू नका. यंत्रावरच्या आकड्याला २ ने भागायचं. हे वहीत लिहून ठेवा, कारण तीन आठवड्यांनी तक्ता भरताना आठवत नाही. बीकर कोरडा पडला तर तो नमुना सोडा, पुन्हा सुरू करा.

आता कॉलेजातली फेनॅन्थ्रोलिन पद्धत. तिला कमी लेखू नका. नीट केली तर एकूण लोहासाठी ती एएएसच्या तोडीची आहे, आणि तुमच्या पातळीवर कधी कधी सरसही. फक्त तिच्यासाठी वेगळी बाटली हवी, नायट्रिकऐवजी १०० मिलीला २ मिली तीव्र हायड्रोक्लोरिक घातलेली, कारण नायट्रिक हे ऑक्सिडायझर आहे आणि आपल्याला इथे क्षपण करायचंय. बाटली जोरात हलवून ५० मिली घ्या. त्यात २ मिली तीव्र हायड्रोक्लोरिक आणि १ मिली हायड्रॉक्सिलामाइन हायड्रोक्लोराइडचं १० टक्के द्रावण. उकळून १५–२० मिलीवर आणा. गाळ या पायरीवर विरघळतो आणि फेरिकचं फेरस होतं. थंड करून १०० मिलीच्या फ्लास्कमध्ये, १० मिली अमोनियम ॲसिटेट बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण), मग ४ मिली फेनॅन्थ्रोलिन (१०० मिलीत १०० मिलिग्रॅम). खुणेपर्यंत भरून किमान १० मिनिटं थांबा आणि ५१० नॅनोमीटरवर वाचा. हायड्रॉक्सिलामाइन आधी, फेनॅन्थ्रोलिन नंतर. उलट केलंत तर रंग हळूहळू चढत राहतो आणि दर पाच मिनिटांनी वेगळा आकडा मिळतो. शंका आली तर पीएच पट्टीवर बघा, तीन ते साडेतीनच्या आसपास हवा.

आता तुमचा ०.१६ जरा जवळून बघू. या रंगाची मोलर शोषकता सुमारे ११,१०० आहे. १ पीपीएम लोह म्हणजे १.७९ गुणिले १० चा उणे पाचवा घात मोल प्रति लिटर, त्यामुळे एक सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये (नमुना भरायच्या पारदर्शक नळीत) ॲबसॉर्बन्स (शोषलेल्या प्रकाशाचं माप) ०.२० च्या जवळ यायला हवा. पण ५० चे १०० केल्यावर तो ०.१० होतो, आणि ०.१६ पीपीएमला तर फक्त ०.०१६. एवढ्या लहान ॲबसॉर्बन्सवर क्युव्हेटवरचा बोटाचा ठसा, दोन क्युव्हेटांमधला फरक, पाण्यातला किंचित पिवळेपणा हे सगळं बोलायला लागतं. म्हणून अशा नमुन्यांना ५ सेंटिमीटरचा सेल वापरा, कॉलेजात तो बहुधा कपाटात न वापरलेला पडलेला असतो. आणि दरवेळी एक नमुना-ब्लँक लावा: सगळं तेच, फक्त फेनॅन्थ्रोलिन नाही. आणखी एक, अमोनियम ॲसिटेटमध्ये स्वतःचं लोह असतं, चांगल्या ग्रेडमध्येही. बफरची नवी बाटली उघडलीत की स्टँडर्ड (ठाऊक प्रमाणाची द्रावणं) पुन्हा करा. स्टँडर्डसाठी मोहर सॉल्ट (फेरस अमोनियम सल्फेट) ०.७०२२ ग्रॅम, थोडं सल्फ्युरिक ॲसिड घालून एक लिटर: हे १०० पीपीएम लोह. खड्यांवर पिवळट झाक आलेली असेल तर ती बाटली टाकून द्या. पावसाळ्यात आपल्या हवेत टोपण सैल राहिलं की तसं होतं.

एएएसबद्दल प्रयोगशाळेला विचारायचे प्रश्न थोडेच आहेत. लोह २४८.३ नॅनोमीटरवर आणि ०.२ च्या स्लिटवर वाचलं का? स्टँडर्ड कुठून कुठपर्यंत होते? १, ३, ५ पीपीएमवर कॅलिब्रेट करून ०.४५ वाचलं असेल तर तो आकडा रेषेच्या शेपटाबाहेरचा आहे. आर (बिंदू रेषेवर किती नीट बसले त्याचं माप) ०.९९९ आला म्हणून खूश व्हायचं नाही. सर्वात खालचा स्टँडर्ड त्याच रेषेवर परत वाचून तो स्वतःच्या किमतीच्या दहा टक्क्यांत येतो का ते बघायचं. मी तुमच्या जागी ०.२, ०.५, १, २ आणि ३ असे लावीन, सगळे नमुन्याइतक्याच आम्लात. ५ पीपीएम लोहाने यंत्रानुसार ०.२ ते ०.४ ॲबसॉर्बन्स द्यायला हवा. त्याच यंत्रावर नेहमीपेक्षा तो निम्मा आला तर नमुन्याला दोष देण्याआधी नेब्युलायझरचा वेग मोजा: छोट्या मोजपात्रात पाणी घेऊन मिनिटाला ५–६ मिली खेचलं जातंय का.

ज्योत निळी, हवेच्या बाजूला झुकलेली हवी. जांभ्याच्या पाण्यात सिलिका असते आणि ती ज्योतीत लोह व मँगनीज दोन्ही दाबते. नमुना आणि स्टँडर्ड दोन्हींत कॅल्शियम घातलं की दबाव उठतो. गोव्यातल्या दमट हवेचा स्वतंत्र त्रास म्हणजे कॉम्प्रेसर. जूनपासून त्याच्या टाकीत आणि सापळ्यात पाणी साचतं, ते रोज काढलं नाही तर हवेच्या नळीतून थेंब जातात आणि वाचन उगाच उड्या मारतं. ॲसिटिलिनचा सिलिंडरही शेवटपर्यंत ओढायचा नसतो. दाब साधारण ५ किलोवर आला की बदलायचा, नाहीतर आतला ॲसिटोन ज्योतीत येऊन बेसलाइन सरकवतो.

आयसीपी-ओईएसवर लोह २३८.२०४ किंवा २५९.९४० आणि मँगनीज २५७.६१० वर वाचतात. दोन्ही लोहरेषा जवळपास सारखं उत्तर देत असतील तर स्पेक्ट्रमची भानगड नाही असं समजा. किनाऱ्याकडच्या, खाजनाजवळच्या (खाडीकाठच्या सखल, खाऱ्या जमिनीजवळच्या) खारट विहिरी प्रकल्पात असतील तर पाणी पातळ करा आणि यिट्रियमसारखा इंटर्नल स्टँडर्ड (सगळ्या नमुन्यांत सारखाच घातलेला तुलनेचा धातू) लावायला सांगा. मीठ जास्त असलं की फवारा बदलतो. कुणी आयसीपी-एमएस (प्रकाशाऐवजी वस्तुमानावरून मोजणारं आयसीपी) देऊ केलं तर ५६ वस्तुमानावर आर्गॉन-ऑक्साइड लोहाच्या डोक्यावर येऊन बसतो, म्हणून हेलियम कोलिजन मोडमध्ये चालवायला सांगा. पीपीएम पातळीच्या लोहासाठी मात्र एवढ्या महागड्या यंत्राची गरज नाही.

यंत्र कुठलंही असो, एक स्पाइक लावा, म्हणजे नमुन्यात ठाऊक असलेलं लोह मोजून घाला. त्याशिवाय आकड्याला जामीन नाही. ५० मिलीच्या फ्लास्कमध्ये १०० पीपीएम स्टँडर्डचे ०.५ मिली, वर खुणेपर्यंत नमुना: म्हणजे १.० पीपीएम वाढवलं. समजा मूळ नमुना १.१० होता आणि हा २.०२ आला. नमुना ५० ऐवजी ४९.५ मिलीच गेलाय, त्यामुळे त्याचा वाटा १.०८९. उरले ०.९३१, म्हणजे रिकव्हरी (घातलेल्यापैकी परत सापडलेलं) ९३ टक्के, चांगली. ८५ च्या खाली गेली तर सिलिका, फवारा किंवा पचवण्याची पायरी तपासा. पण स्पाइक पचवण्याआधी घातलेला असला तरच पचनाबद्दल काही सांगतो. आणि विरघळलेलं स्टँडर्ड पूर्ण सापडलं म्हणून गाळातलं हेमॅटाइटही पूर्ण सुटलं असं सिद्ध होत नाही. दर दहा नमुन्यांमागे एक डुप्लिकेट घ्या, आणि तो विहिरीवरच दोन बाटल्यांत भरलेला हवा. एकाच बाटलीतून दोनदा ओतलेला डुप्लिकेट यंत्राबद्दल सांगतो, नमुना घेण्याबद्दल काहीच नाही.

तक्त्यात ‘लोह’ असा एकच रकाना ठेवू नका. ‘एकूण (आम्लपचन)’ आणि ‘विरघळलेलं (०.४५ मायक्रॉन)’ असे दोन करा, शेजारी विहिरीवर मोजलेला पीएच. व्हायव्हाला पहिला प्रश्न यावरच येईल आणि उत्तर तक्त्यातच असेल. पाणी पिण्यालायक आहे की नाही असं अधिकृत लेखी विधान घरमालकाला हवं असेल तर ते एनएबीएल या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेकडून घ्यायला सांगा, प्रकल्पाच्या वहीतून देऊ नका.

जुनी बाटली टाकू नका. तिच्यात निम्मं पाणी मिसळलेलं हायड्रोक्लोरिक ५० मिली घाला, टोपण लावून कडं पूर्ण भिजेल अशी आडवी-उभी फिरवा, कडं नाहीसं होईपर्यंत कोमट पाण्याच्या टबात ठेवा आणि ते द्रावण मोजा, पण आधी दहापट पातळ करून, नाहीतर एवढ्या आम्लात बफर पुरणार नाही. समजा मूळ द्रावणात ३ पीपीएम निघालं, तर ५० मिलीत ०.१५ मिलिग्रॅम, आणि वरचा १.०५–१.१ चा हिशेब १.२ ते १.२५ वर जातो. कोऱ्या बाटलीत तेवढंच ॲसिड घालून ब्लँक मात्र लावा, कारण साध्या ग्रेडच्या हायड्रोक्लोरिकला पिवळी झाक येते ती बऱ्याचदा लोहाचीच असते.